पौर्णिमेची परवानगी

सकाळी साडेदहाच्या सुमारास कारखान्याचे मॅनेजर निरंजन सरांनी तो छोटा लॅपटॉप नीलाच्या टेबलावर आपटला आणि तिच्या कपातला चहा बशीत सांडला. झालं एवढंच. पण तेवढ्यानं तिच्या छातीत काहीतरी दचकून उठलं आणि पुन्हा खाली बसेना. वस्तू पाटीपेक्षा मोठी नव्हती. अकरा इंची, करड्या रंगाची, वर्षभर पत्रा ठोकणाऱ्या चार नंबरच्या प्रेसशेजारी पत्र्याच्या स्टँडवर बसून तेलकट झालेली, कडेला माल घेणाऱ्या कस्टमर कंपनीचं स्टिकर. तिनं झाकण उघडलं. पडदा जागाच होता. त्यावर एक चौकट उभी होती आणि चौकटीत इंग्रजीत इतकंच, की काढून टाकता आलं नाही. खाली, उजव्या कोपऱ्यातल्या दोन बटणांच्या फटीत काळपट तपकिरी काहीतरी वाळून बसलं होतं. तिनं नखानं खरवडायला बोट पुढं केलं आणि मध्येच मागं घेतलं.

"मॅडम, हे सॉफ्टवेअर यातनं पूर्ण काढायचं," सर म्हणाले. "काल संध्याकाळी मी बसलो होतो, तर अर्धंच गेलं. तीन वाजता फॅक्टरी इन्स्पेक्टर येतोय. लॅपटॉप राहू दे, तो कस्टमरचा आहे, रजिस्टरला नोंद आहे. पण आतून मला कोरा पाहिजे. ट्रायलला दिलेलं, आपण कधी चालूच केलं नाही, असं म्हणायचं."

"सर, तुम्ही फोल्डरच उडवलंत का?" नीलाचा आवाज असा, की समोरच्याला नेहमी थोडं पुढं झुकावं लागे.

"मग काय हळदकुंकू वाहायचं होतं त्याला?"

"तसं नाही. हातानं फोल्डर उडवलं की काढायची वाटही त्याच्याबरोबर जाते. यादीत नाव राहतं, आणि आत ते चालूच राहतं."

"म्हणजे मेलं नाही?"

"नाही सर. अर्धं आहे."

"मग मारा ना पुरतं."

"आधी पुन्हा बसवावं लागेल. सगळं जसंच्या तसं. मग ते नीट निघेल."

सर हसले. त्यांच्या डोळ्यांखाली रात्रीच्या जागरणाची काळी वर्तुळं होती आणि हसल्यावर ती जास्तच दिसली. "म्हणजे बकऱ्याला आधी पाला घालायचा. घाला. तुम्ही ध्यानवाल्या, शांत डोक्याच्या. जमेल तुम्हाला." खिशातला पेनड्राइव्ह टेबलावर फेकून ते गेले. त्यांच्या सेफ्टी शूजचा ठक् ठक् आवाज जिन्यावरून उतरत शॉपच्या शेडमधल्या प्रेसच्या ठोक्यांत मिसळून गेला.

काल मंगळवार होता आणि पौर्णिमा होती. चार नंबरच्या प्रेसनं नवनाथच्या उजव्या हाताची चार बोटं नेली. नवनाथ बीडकडचा, बत्तीस वर्षांचा, चाकणला भाड्याच्या खोलीत राहणारा. कंपनीत कुणाचंही नाव घेताना आधी 'आपला' म्हणायचा: आपले दौलतराव, आपली नीलाताई, आपला चार नंबर. नीला तेव्हा इथं नव्हती. ती पिंपळे गुरवच्या विहारात पांढरी साडी नेसून भिंतीशी बसली होती. दर पौर्णिमेला ती आठ शीलं पाळायची, दुपारी बारानंतर अन्न घ्यायची नाही, अर्धी रजा टाकायची. रोजची पाच शीलं तर चुकायचीच नाहीत. पहाटे अंघोळ, मेणबत्ती, अगरबत्ती, पेल्यात स्वच्छ पाणी, मग वंदना आणि मग सात दहाची कंपनीची बस. काल दीड वाजता ती कामावर आली, तेव्हा चार नंबरभोवती पिवळी पट्टी बांधलेली होती आणि खाली लाकडाचा भुसा पसरलेला होता. भुसा कशावर पसरतात, हे तिला माहीत होतं. तिनं त्यावर पाय पडू दिला नाही. कुणी म्हणालं, हात आत राहिला. हात आत कसा राहिला, हे तिनं कुणाला विचारलं नाही. घरी जाताना मोशीपासून नाशिक फाट्यापर्यंत बसच्या खिडकीला डोकं टेकून ती तो प्रश्न दातांखाली दाबून बसली होती, लहानपणी दुखरा दात दाबून बसायची तशी. दाबलं की ठणका कमी लागतो. सोडलं की कवटीपर्यंत जातो.

कारण हात आत राहणं सोपं नव्हतं. त्या प्रेसला दोन हिरवी बटणं होती, एकमेकांपासून दीड हात लांब. दोन्ही तळव्यांनी दोन्ही बटणं एकदम दाबली तरच वरचा जबडा खाली यायचा. दोन्ही हात बाहेर असल्याशिवाय ठोका नाही. दुसरी रीत पायडलची. पायानं दाबायचं आणि हात मोकळे. ती फक्त डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, बसवताना, जबडा हळूहळू खाली आणून बघायला. त्यासाठी सुपरवायझर दौलतरावांची चावी लागायची आणि लॅपटॉपवर क्वालिटीची परवानगी लागायची. क्वालिटी म्हणजे नीला. हा छोटा लॅपटॉप प्रेसचा प्रत्येक ठोका मोजायचा आणि कोणी चावी फिरवली, कोणी परवानगी दिली, सगळं लिहून ठेवायचा.

तिनं पेनड्राइव्ह लावला. लॅपटॉपनं बराच विचार केल्यासारखं केलं आणि सांगितलं, जागा नाही. या लहान यंत्रांचं हेच. पोट एवढंसं, त्यात सगळे काही ना काही कोंबतात. शॉपमधल्या पोरांनी गाणी भरून ठेवली होती, वाढदिवसांचे व्हिडिओ, खंडेनवमीला प्रेसला घातलेले हार. जागा करायची तर यातलं काहीतरी घालवायला हवं होतं. तिनं गाणी घालवली. मग फोटो उघडले. सुरक्षा सप्ताहाचे दोनशे बारा. त्यातल्या एकात नवनाथ चार नंबरसमोर उभा, छातीवर हिरवा बिल्ला, दोन्ही हात पसरून दोन्ही बटणांवर ठेवलेले आणि फोटो काढणाऱ्याकडं बघून दात काढून हसत होता. तळवे रुंद. बोटं आखूड, नखांत ग्रीस. नीलानं बोटं मोजली. का मोजली, तिलाही सांगता आलं नसतं. पाच. मग दुसरी पाच. मग तिनं सगळे निवडले आणि घालवले. यंत्रानं विचारलं, खरंच का? ती हो म्हणाली. हाडावरून सुरी फिरवावी तशी एक पातळ, थंड कळ तिच्या मनगटातून कोपरापर्यंत गेली.

आता जागा होती. पट्टी हलू लागली. दोन टक्के. तीन.

खिडकीतून गेट दिसत होतं. गेटच्या आतल्या बाजूला, वॉचमनच्या केबिनच्या सावलीत नवनाथची बायको स्वरूपा बसली होती, सकाळी आठपासून. दवाखान्यात कंपनीचा अपघाताचा कागद मागत होते आणि कागद सरांच्या टेबलावर होता. तो अजून भरायचा होता, कारण त्यात एक रकाना होता: अपघाताचे कारण. बस गेटातून आत आली, तेव्हा स्वरूपानं नीलाला हाक मारली होती. "ओ ताई, कागद देतेत का न्हाई? त्यो उठून बसलाय. सारखा इचारतोय, माझी चूक काय झाली म्हनून." नीला म्हणाली होती, बघते. आणि बघितलं नव्हतं.

माझी चूक काय झाली. हे वाक्य नीलाच्या घरात जुनं होतं. तिचे वडील भीमराज पिंपरीतल्या एका कारखान्यात प्रेसवरच होते. ती सात वर्षांची असताना त्यांची दोन बोटं गेली, करंगळी आणि तिच्या शेजारचं. घरी आले ते पांढऱ्या बोचक्यासारखा हात घेऊन. आठवड्यानं साहेब पेढे घेऊन आले आणि एका कागदावर वडिलांनी सही केली, की माझ्याच दुर्लक्षामुळे. नोकरी राहिली. पेढे नीलानं खाल्ले. त्यानंतर कधीतरी, जखम भरल्यावर, ते सुरू झालं. संध्याकाळी शिफ्टवरून आले की वडील आईला समोर बसवायचे आणि विचारायचे, "सांग, चूक कुणाची?" दारू प्यायलेले असोत, नसोत. आई म्हणायची, कंपनीची. मग वडील म्हणायचे, "मग मी सही का केली? मी येडा?" आणि हात उठायचा. दुसऱ्या दिवशी आई म्हणायची, तुमची. त्यालाही तेच उत्तर. तिसऱ्या दिवशी ती गप्प राहायची, आणि गप्प राहिल्याबद्दल मार सगळ्यांत जास्त असायचा, कारण गप्प माणसाला थांबायचं कधी हे मारणाऱ्याला कळत नाही. आईच्या गालावर तीनच वळ उठायचे. नीला ते मोजायची. भांड्यांच्या फळीखाली बसून, गुडघे पोटाशी घेऊन, श्वाससुद्धा बारीक करून. तिथंच तिचा आवाज लहान झाला. लोक म्हणतात, नीलाताई किती मृदू बोलतात, साधनेचा परिणाम. तीही तसंच मानत आली. पण आज त्या पट्टीकडं बघता बघता तिला पहिल्यांदा वाटलं, की ही मृदुता कुठल्या साधनेतून आली नाही. मार आपल्याकडं वळू नये म्हणून जनावर अंग चोरतं, ते हे. त्यावर आपण नंतर पांढरी साडी नेसवली.

बेचाळीस टक्के. खाली प्रेस चालूच होत्या. दोन नंबर, तीन नंबर, पाच नंबर. ठोका पडला की टेबलावरच्या बशीतला चहा गोल थरथरायचा. बारा वर्षं हा आवाज तिला ऐकू येत नव्हता, सवयीनं. आज प्रत्येक ठोका मणक्यात येत होता. पत्रा आत, ठोका, पत्रा बाहेर. पत्रा आत, ठोका. मध्ये एखादा ठोका चुकला तर तिचं काळीज उगाच थांबायचं, आणि तो पडला की पुन्हा ओढ्यात दगड पडावा तसं धप्प करायचं.

जेवणाच्या सुट्टीत ती उठली नाही. एक वाजून गेला तेव्हा पट्टी भरली आणि पडद्यावर ओळखीची हिरवी खिडकी उघडली, काल काही झालंच नाही अशी. ते पूर्ण परत आलं होतं. नोंदी दुसऱ्या कप्प्यात होत्या, तिथवर सरांचा हात पोचला नव्हता. आता खरं काम होतं दोन मिनिटांचं: काढून टाका, नोंदींसकट, होय. पण नीलानं कालची तारीख उघडली. हात तिला न विचारता गेला म्हणा, किंवा दाताखाली दाबून ठेवलेलं आता दाबवेना म्हणा.

नऊ वाजून चार मिनिटं. पद्धत: पायडल. चावी: दौलत. परवानगी: नीला.

तिनं ओळ पुन्हा वाचली. मग ठोके. तासाला साडेसहाशे. बटणांनी चारशेच्या वर जात नाहीत. एकाखाली एक वेळा, जशा विहिरीच्या पायऱ्या. दहा बेचाळीस सतरा. दहा बेचाळीस एकोणीस. आणि मग काही नाही. पांढरं. शेवटच्या दोन ठोक्यांमध्ये दोन सेकंद. आधीच्या सगळ्यांत पाच, साडेपाच. तिनं ते दोन सेकंद पुन्हा मोजले आणि मग तिला कळलं. हात सापडला की सगळं शरीर आखडतं. पाय पायडलवरच असतो. पाय पण आखडतो. दुसरा ठोका नवनाथच्या पायानंच दिला होता, आत अडकलेल्या स्वतःच्याच हातावर.

तिनं पडद्यावरच्या त्या शेवटच्या दोन ओळी तळव्यानं झाकल्या.

दहा बेचाळीसला ती काय करत होती, हे तिला अगदी नेमकं माहीत होतं. दहा ते अकरा मैत्रीभावना. सर्व प्राणी सुखी होवोत. आधी जवळची माणसं मनात आणायची, मग ओळखीची, मग अनोळखी. ओळखीच्यांत तिनं कंपनीतली माणसं आणली होती. नवनाथला आणलं होतं. त्याला सुखी हो म्हणाली होती.

आणि परवानगी? तिचा पासवर्ड? तो तिनंच दिला होता. सात महिन्यांपूर्वी अशाच एका पौर्णिमेला डाय बदलायचा होता, ती विहारात होती, परवानगीवाचून लाइन दोन तास उभी राहिली. डोळे मिटून बसलेल्या तिच्या मांडीशी पर्समधला फोन गुरगुरत होता, गुरगुरत होता, आणि तिला राग आला होता, की महिन्यातला एक दिवस, तोही ही माणसं सोडत नाहीत. दुसऱ्या दिवशी तिनं जॉबकार्डाच्या पाठीवर पासवर्ड लिहून दौलतरावांच्या हातात दिला. "फक्त डाय बसवण्यापुरता हं, दौलतराव. फक्त पौर्णिमेला." आपलं व्रत अडू नये म्हणून. तिनं मागचे महिने उघडले. प्रत्येक पौर्णिमेला, सकाळी नऊच्या आसपास, पायडल. परवानगी नीला. प्रत्येक पौर्णिमेला तासाला सहाशेच्या वर. आणि हे तिला आज कळलं असंही नव्हतं. महिन्याचा आलेख तीच काढायची. मे महिन्यात मीटिंगमध्ये तो भिंतीवर लावून तीच म्हणाली होती, "आपल्या चार नंबरला पौर्णिमेला भरती येते बाई!" सगळे हसले होते. सर हसले होते, दौलतराव खाली बघत हसले होते. नवनाथ म्हणाला होता, "ताईंच्या व्रताचं पुण्य हाय, आपल्या मशीनला लागतंय." आणि तिला बरं वाटलं होतं. आतून, अगदी खोल, बरं वाटलं होतं.

आता तिला ते मारायचं होतं. ती हिरवी खिडकी, त्या ओळी, ते आपलं नाव. मारायचं म्हणजे नुसतं घालवायचं नव्हतं. गळा धरून, पाण्यात बुडवून, वरून गुडघा देऊन, बुडबुडे थांबेपर्यंत. आपल्या मनात एवढा जोर कुठून आला, याचं तिला नवल वाटलं. सरांचा चेहरा आला. चार नंबरच्या डायवर त्यांचा गाल टेकवलेला आणि पायडलवर आपला पाय, पांढऱ्या साडीतला. दौलतरावांचा चेहरा आला. मग एक असा चेहरा आला की त्याला नाव द्यायला ती धजली नाही, कारण तो भुशावर उकिडवा बसलेला होता, हसत होता, आणि 'पुण्य हाय ताई' म्हणत होता. तोही मरावा. तो मेला तर विचारणार नाही, माझी चूक काय झाली. पहिलं शील प्राणी न मारण्याचं. सकाळी ते म्हणताना तिच्या डोळ्यांपुढं नेहमी मुंग्या आणि डास यायचे.

पावलं वाजली. सर आत आले आणि त्यांच्या मागून दौलतराव, साठीला टेकलेले, चाकणजवळच्या गावातले, डोक्यावर मळकी पांढरी टोपी.

"झालं?" सरांनी विचारलं आणि पडदा पाहिला. त्यांनी ओळी वाचल्या. मग ते हळूच म्हणाले, "अच्छा. वाचलंत वाटतं. बरं झालं. म्हणजे मला समजवायला नको. तुमचंच नाव आहे यात, मॅडम. माझं कुठं आहे? शोधा. माझं नावच नाही."

"सायेब, बाईचं नाव नगा घिऊ," दौलतराव म्हणाले. "त्यांनी मला डाय बसवायला दिलता. चावी मी फिरीवली, व्हय. पन तुमीच म्हनला व्हता, पुन्नव हाय, बाई न्हाईत, आज माल वडा."

सरांनी त्यांना मारलं. हात मागं नेऊन, पुरता, उघड्या पंजानं. टोपी उडून फायलींच्या रॅकखाली गेली. टोपीशिवाय दौलतरावांचं डोकं एखाद्या लहान मुलाचं असावं तसं गोल, पांढुरकं दिसलं. "मी म्हणालो होतो? लेखी आहे? तोंड सांभाळून बोला. पोरगा कायम करायचाय ना पुढच्या महिन्यात?"

दौलतराव वाकले आणि रॅकखाली हात घालून टोपी चाचपू लागले. टोपी हाताला लागेना. वाकूनच म्हणाले, "बाई, काढून टाका. आपल्या तिघांचंबी भलं हाय त्यात."

"आणि नवनाथचं?" नीलानं विचारलं.

"त्याचं काय राहिलंय आता?" सर म्हणाले. "एका बटणाला काडी खोचून एकाच हातानं चालवत होता, असं लिहू. सगळेच लावतात. नोकरी ठेवू त्याची, पॅकिंगला बसेल. सही केली की झालं." त्यांनी घड्याळ पाहिलं. "दोन वाजलेत. दहा मिनिटांनी येतो. मॅडम, तुम्ही खोटं बोलायचं नाही, काही नाही. तुम्हाला कुणी विचारणारच नाही. नुसतं बटण दाबायचंय."

ते गेले. दौलतरावही गेले, उघड्या डोक्यानं. नीला बसून राहिली. बटण दाबायचंय हे खरं होतं आणि कुणी विचारणार नाही हेही खरं होतं. तिनं पडद्यावरचा बाण 'काढून टाका'वर नेला. चौकट आली. सगळ्या नोंदीही काढायच्या का? होय. नाही. बोट होयवर होतं. होय म्हटलं तर कंपनी राहते, घर राहतं, उद्या गुरुवारची सुट्टी, परवा सात दहाची बस. फक्त चाकणमधल्या एका खोलीत रोज संध्याकाळी एक माणूस आपल्या बायकोला समोर बसवील. हात उजवा नसेल, डावा असेल. मारणाऱ्याला कुठलाही चालतो. आणि स्वरूपाला काय उत्तर द्यावं हे कळणार नाही, कारण उत्तर इथं या पाटीएवढ्या यंत्रात होतं आणि ते नीलानं मारलं असेल. फळीखाली कुणाचं तरी पोर बसेल. नीलाला वाटलं, आपण ज्याला मारतोय असं समजत होतो ते हे नाहीच. हे मेलं की मग मारायला सुरुवात होते.

तिनं नाही म्हटलं. मग चौकटच बंद केली. मग, काही सुचेना म्हणून, सकाळच्या चहाच्या बशीखालचा कागदी रुमाल घेऊन त्या दोन बटणांची फट पुसायला लागली. तपकिरी निघालं, थोडं राहिलं.

"झालं?" सर दारात.

"झालं, सर. नीट बसलं. आता चालतंय."

त्यांना कळायला क्षण लागला. "काढलं नाही?"

"नाही."

"का?"

याचं उत्तर तिच्याकडं होतं, पण फार लांबलचक होतं. तिनं लॅपटॉप मिटला आणि पोटाशी धरला. सरांनी तो ओढला. तिनं सोडला नाही. खुर्ची मागं घसरली. सरांच्या तोंडाला जर्दा आणि न जेवलेल्या पोटाचा वास येत होता, इतके ते जवळ होते. "सोड," ते म्हणाले, मॅडम न म्हणता, आणि हिसका दिला. कोपरा तिच्या ओठावर बसला. दातांवर ओठ फुटल्याचं तिला कळलं, वेदनेनं नाही, गरम लागल्यानं. तिनं सोडला. सरांनी तो फरशीवर टाकला आणि सेफ्टी शूज घातलेला पाय वर उचलला. टाचेखाली पडद्याची काच फुटली. पुन्हा. पुन्हा. पाठ दुमडली, बटणं दातांसारखी उडून टेबलाखाली गेली, आतला हिरवा पत्रा बाहेर आला. त्यावरही. शेवटचे दोनतीन ठोके ते नुसतेच देत होते, देण्यासारखं काही उरलं नव्हतं तरी. मग थांबले, धापा टाकत. "स्टँडवरून पडला," ते म्हणाले. "कालच्या गडबडीत खाली पडला, कुणीतरी पाय दिला. हे काल सुचायला पाहिजे होतं." तुकडे त्यांनी तिच्याच कचऱ्याच्या डब्यात भरले, डबा उचलला. जाताना वळले. स्वर पुन्हा नेहमीचा होता. "तोंड धुऊन घ्या, मॅडम. ओठाला बर्फ लावा. आता तुमच्याकडं काही नाही आणि माझ्याकडंही काही नाही. सुटलो आपण."

आणि ती खरंच सुटली होती. हे तिला लगेच कळलं, आणि अंगावरून गार वारं गेल्यासारखं झालं. तिनं वाचवायचा प्रयत्न केला, मार खाल्ला, गेलं ते गेलं. आता कुणीच म्हणू शकत नव्हतं की परवानगी नीलाची होती. दौलतराव बोलणार नाहीत. सर बोलणार नाहीत. किती सोपं होतं. दोन वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. ती उठली, नळाशी गेली, चूळ भरली. बेसिनमध्ये लाल धार पडली आणि पाण्याबरोबर गोल फिरत गेली. तिनं दुसरी चूळ भरली नाही. जिना उतरून, प्रेसच्या आवाजातून, पिवळ्या पट्टीच्या कडेनं, भुशावर पाय देत ती सरळ गेटाकडं चालू लागली. भुसा मऊ होता. खाली चिकटत होता.

स्वरूपा उठून उभी राहिली. "मिळाला कागद?"

"नाही. ऐक. नवनाथची चूक नव्हती. मशीन पायडलवर टाकलं होतं, पायडलला माझी परवानगी लागते. ती माझ्या नावानं गेली. पासवर्ड मीच लिहून दिला होता दौलतरावांना. दर पौर्णिमेला चालायचं. मला कळायला पाहिजे होतं. कळलंही होतं, मी हसले."

"कुटं व्हतीस तू काल?"

"विहारात."

"देवाधर्माला गेलती?"

"हो."

स्वरूपानं तिच्या तोंडावर मारलं. शेजारी ठेवलेला स्टीलचा डबा उचलून, त्यातली भाकरी-भाजी तशीच आत असताना. मग डबा टाकून हातानं मारलं, गालावर, कानावर, डोक्यावर, जिथं लागेल तिथं, आणि प्रत्येक वेळी तेच म्हणत होती, "हसलीस व्हय? हसलीस?" वॉचमन धावला. नीलानं हातानं त्याला लांब राहायला सांगितलं. तिनं डोकं वाचवलं नाही. कानात शिट्टी वाजत होती आणि शिट्टीच्या पलीकडं फार लांबून प्रेसचे ठोके. स्वरूपा दमली. गुडघ्यांवर हात ठेवून वाकली, तिच्या नाकातून पाणी गळत होतं. मग तिनं मान वर केली. "लिहिलेलं हाय कुटं हे?"

"होतं. सरांनी आत्ता फोडलं."

"मग तुझ्या म्हनन्यावर कोन इस्वास ठिवनार?"

"माहीत नाही."

"त्या सायबाफुडं बोलशील? ह्येच? ह्या लोकांफुडं?"

"बोलेन. तीन वाजता फॅक्टरी इन्स्पेक्टर येतोय, त्याच्यापुढंही."

"मागारी पळशील."

"नाही."

स्वरूपानं तिचं मनगट पकडलं. नखं आत गेली. तशाच दोघी उभ्या राहिल्या, उन्हात, डब्यातनं सांडलेल्या भाजीवर माशा बसत होत्या. नीलाचा पदर ओघळला होता, तो सावरायला दुसरा हात मोकळा होता, पण तिनं सावरला नाही. तीनला दहा कमी असताना सरकारी पाटीची पांढरी जीप रस्त्यावरून वळली आणि वॉचमननं गेट ओढलं. ऑफिसच्या पायऱ्यांवर निरंजन सर हसतमुखानं हजर होते, हातात गुलाबाचं फूल. त्यांनी गेटाकडं पाहिलं आणि हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, नुसतं आतून कुणीतरी निघून गेलं. ते पायऱ्या उतरून घाईनं चालू लागले. जीप थांबली. फाइल काखेत धरून एक चष्म्यातला माणूस उतरला आणि या दोन बायकांकडं बघतच राहिला, एकीचा जबडा सुजलेला, दुसरीच्या मुठीत पहिलीचं मनगट.

"काय झालं? कोण तुम्ही?" त्यानं विचारलं.

स्वरूपानं मनगट सोडलं नाही. दुसऱ्या हातानं तिनं नीलाच्या पाठीत जोरात धक्का दिला. "बोल."

नीला दोन पावलं पुढं धडपडली. सरांचे शूज जवळ येत होते. तिच्या तोंडात पुन्हा रक्त भरलं होतं. ते तिनं गिळलं आणि पहिलं नाव स्वतःचं सांगितलं.